आयर्लंडच्या खेड्यात बिऱ्हाड मांडताना

लिमरिक काउंटीच्या पश्चिमेला, कॉर्कच्या हद्दीजवळ, एका लहान गावात आम्ही सहा वर्षं राहतोय. एकच मुख्य रस्ता, त्यावर चर्च, शाळा, दोन पब, एक दुकान आणि दुकानातच पोस्टाची खिडकी. माझी बायको जवळच्या नर्सिंग होममध्ये (इथे म्हणजे वृद्धांची देखभाल करणारं केंद्र) नर्स आहे. भारतातून येणाऱ्या नर्सेस आणि केअर असिस्टंट मंडळींना नोकरी बऱ्याचदा अशाच ठिकाणी लागते. विमानतळावरून थेट शेतांच्या मधोमध येऊन पडलं की पहिले दोन महिने फार गोंधळाचे जातात. सांगली-नाशिककडून आलेल्या ओळखीच्या घरांतून मला दर वेळी तेच प्रश्न येतात. त्यांना फोनवर जे सांगतो तेच इथे क्रमानं लिहितोय. क्रम पाळा, कारण मागचा कागद हातात असल्याशिवाय पुढचा मिळत नाही.

आणि एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. गावातल्या निम्म्या सोयींची पाटी कुठेही नसते. सांडपाण्याची टाकी रिकामी करायला कोण येतो, बस कुठल्या वळणावर थांबते, कुठल्या डॉक्टरकडे जागा झाली, हे दुकानात, पोस्टात, शाळेच्या फाटकाशी कळतं. सामान आवरायच्या आधी दुकानात जा, नाव सांगा, कुठल्या घरात आलात ते सांगा. समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल. ओळख नसली तरी तो नमस्कारच असतो. तुम्हीही बोट उचला.

आधी पत्ता

घर बघायला जाल तेव्हा भाडं विचारायच्या आधी एअरकोड विचारा. खेड्यात घराला नंबर नसतो, रस्त्याला नाव नसतं. पत्त्यात असतं ते टाउनलँडचं नाव, म्हणजे आपल्याकडच्या वाडी-शिवारासारखं. देशात असे साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत, आणि एक तृतीयांशाहून अधिक पत्ते शेजाऱ्याच्या पत्त्यासारखेच असतात. म्हणून 2015 मध्ये एअरकोड आला. सात अक्षर-अंकांचा असतो. पहिले तीन भागाचे, पुढचे चार फक्त तुमच्या घराचे. आपला पिनकोड अख्ख्या पेठेला पुरतो, हा थेट दारापर्यंत आणतो. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा, मुलांकडून पाठ करून घ्या. 999 किंवा 112 ला फोन केलात की अ‍ॅम्ब्युलन्सवाले हाच विचारतात. रात्री अडीच वाजता, काळोख्या बोरीनवर (इथे शेतातल्या अरुंद वाटेला बोरीन म्हणतात) तुमचं घर दुसऱ्या कशानंही सापडणार नाही.

पत्ता मिळाला की भाडेकरार लेखी घ्या, तुमच्या नावानिशी. विजेचं बिल बऱ्याचदा घरमालकाच्या नावावर राहतं आणि मग पत्त्याचा पुरावा म्हणून दाखवायला हातात काहीच उरत नाही. बिल स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर नोकरीच्या ठिकाणाहून पत्ता घातलेलं पत्र मागून ठेवा. त्या कागदावर पीपीएस नंबर, म्हणजे सरकारी कामांसाठीचा तुमचा वैयक्तिक क्रमांक, मिळतो. अर्ज मायवेल्फेअर या सरकारी संकेतस्थळावर करायचा. ओळख, पत्ता आणि नंबर कशासाठी हवा त्याचं कारण, हे तिन्ही लागतं. पगार, कर, बँक सगळं त्याच्यावर अडतं. राहण्याची नोंद, म्हणजे आयआरपी कार्ड, आल्यापासून 90 दिवसांच्या आत करायची असते आणि त्याची फी 300 युरो. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात मागे लागा. कुठे अडलं तर सिटिझन्स इन्फर्मेशन सेंटरला विचारा. फुकट असतं, माणसं शांतपणे ऐकतात आणि फॉर्म भरताना शेजारी बसतात.

पोस्टाला इथे अन पोस्ट म्हणतात. तिथे बिलं भरता येतात, सरकारी पैसे मिळतात, टीव्हीचं 160 युरोंचं वार्षिक लायसन्स निघतं. अशी कित्येक पोस्टं माणसं येईनाशी झाली म्हणून बंद पडली आहेत. जे काम मोबाइलवर होतं तेही अधूनमधून मी मुद्दाम खिडकीवर जाऊन करतो.

डॉक्टर, आजारी पडायच्या आधी

आपल्याकडे ताप आला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन बसतो. इथे तसं चालत नाही. प्रत्येक डॉक्टरची, म्हणजे जीपीची, पेशंटची यादी असते आणि यादीत नाव नसेल तर बहुतेक ठिकाणी बघत नाहीत. खेड्यांत याद्या भरलेल्या असतात. आम्हाला पहिल्या तिन्ही ठिकाणी ‘जागा नाही’ असं उत्तर मिळालं. चौथ्या ठिकाणी, दोन गावं पलीकडे, नाव लागलं, तेही शाळेच्या फाटकाशी एका आईनं सांगितलं म्हणून. तेव्हा फोनवर ‘नाही’ ऐकून थांबू नका. प्रतीक्षायादीत नाव घालायला सांगा, दर महिन्याला विचारा, आजूबाजूच्या सगळ्या गावांत विचारा. मेडिकल कार्ड (कमी उत्पन्नाच्या लोकांना फुकट उपचारांसाठी मिळतं ते) असेल आणि तीन डॉक्टरांनी नकार दिला असेल तर आरोग्यसेवा, म्हणजे एचएसई, तुम्हाला डॉक्टर नेमून देते.

मेडिकल कार्ड नसेल तर प्रत्येक भेटीचे पैसे पडतात, साधारण पन्नास-साठ युरो. आठ वर्षांखालच्या मुलांना जीपी फुकट आहे, पण त्यासाठी कार्डाचा अर्ज करावा लागतो, आपोआप होत नाही. औषधांसाठी ड्रग्ज पेमेंट स्कीममध्ये नाव नोंदवा. मग अख्ख्या कुटुंबाला महिन्याला 80 युरोंच्या वर औषधांचा खर्च पडत नाही. बीपी-शुगरची रोजची गोळी असणाऱ्यांनी हे विसरूच नये. आणि थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जीपीच्या चिठ्ठीशिवाय गेलात तर 100 युरो भरावे लागतात.

रात्री किंवा शनिवार-रविवारी आपला जीपी नसतो. लिमरिक-क्लेअरच्या भागात त्या वेळेला शॅननडॉक ही सेवा आहे, कॉर्क-केरीत साउथडॉक, गॉलवे-मेयोत वेस्टडॉक. थेट जाऊन उभं राहू नका, आधी फोन करायचा. नर्स चौकशी करते आणि गरज असेल तर वेळ देते. आमच्या भागाचा नंबर दरवाजाच्या मागे लावलाय. त्याच कागदावर आणखी एक ओळ आहे: गावातलं डिफिब्रिलेटर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं यंत्र, कुठल्या भिंतीवर आहे ती. पिवळी किंवा हिरवी पेटी असते, बहुधा हॉलच्या नाहीतर दुकानाच्या बाहेर. ती येता-जाता एकदा नीट पाहून ठेवा.

गाडी, आणि गाडी येईपर्यंत

गाडीशिवाय खेड्यात निभत नाही, पण पहिले काही महिने निभवावं लागतं. त्यासाठी लोकल लिंक. ही सरकारी ग्रामीण बससेवा आहे. काही गाड्या ठरलेल्या वेळापत्रकानं धावतात, काही मात्र आदल्या दिवशी फोन करून जागा ठेवली तरच तुमच्या फाट्यापर्यंत, कधीकधी दारापर्यंत येतात. भाडं थोडंच असतं, लीप कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) चालतं. आमच्या भागातून न्यूकॅसल वेस्टला बाजार-बँकेसाठी जाता येतं, आणि डब्लिन-कॉर्क रेल्वेचं सगळ्यात जवळचं स्टेशन चार्लव्हिल. बसच्या ड्रायव्हरशी बोलत जा. दोन फेऱ्यांत त्याला तुमचं नाव माहीत होतं आणि तुम्ही थांब्यावर दिसला नाहीत तर तो अर्धा मिनिट वाट बघतो.

भारतातलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही. पाहुणा म्हणून काही काळ चालतं, पण कायम राहणाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते: थिअरी परीक्षा, लर्नर परमिट, मग प्रशिक्षकाकडे 12 सक्तीचे धडे, मग रस्त्यावरची परीक्षा. भारतातलं पक्कं लायसन्स पुरेसं जुनं असेल तर 12 ऐवजी 6 धड्यांची सवलत मागता येते. धडे सुरू करण्याआधी अर्ज करा. परमिटवर एकट्यानं गाडी चालवायची नाही. शेजारी निदान दोन वर्षं पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच. ‘गावातल्या गावात काय होतंय’ म्हणून जे एकटे निघाले त्यांचा विमा आणि नोकरी दोन्ही धोक्यात आलेली मी पाहिली आहेत. परीक्षेची तारीख मिळायला महिने लागतात, म्हणून थिअरीचा अभ्यास भारतात असतानाच सुरू करा.

गाडी डाव्या बाजूनंच चालते, तेवढी सवय कामी येते. पण इथल्या वाटा दोन्ही बाजूंनी उंच झुडपांच्या, एका गाडीपुरत्या, आणि वळणापलीकडे ट्रॅक्टर किंवा दुधाच्या गाईंचा कळप असू शकतो. अशा स्थानिक रस्त्यांवरची वेगमर्यादा 7 फेब्रुवारी 2025 पासून 80 वरून 60 वर आणली आहे. गाई रस्ता ओलांडत असतील तर इंजिन बंद करून थांबा. शेतकरी हात वर करतो आणि तुम्हाला ओळखून ठेवतो.

पाणी, रॉकेल आणि फोडणीचं तेल

शहरातून आलेल्या माणसाला खेड्यातलं घर सगळ्यात जास्त इथे अडवतं. घरमालकाकडून किल्ली घेताना चार गोष्टी प्रत्यक्ष बोट दाखवून विचारा: पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, घर तापवायच्या तेलाची टाकी कुठे आहे, आणि मेन स्विच कुठे.

पाणी तीन ठिकाणांहून येऊ शकतं. सार्वजनिक नळ असेल तर तो इश्के एरन या सरकारी कंपनीचा, आणि सध्या त्याचं घरगुती बिल येत नाही. दुसरा प्रकार गट पाणी योजनेचा. आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून चालवलेली योजना, तिची गावकऱ्यांचीच समिती असते आणि वर्षाची वर्गणी. तिसरा प्रकार स्वतःची बोअर. बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं असतं, पण शेजारच्या शेतातलं शेण आणि सेप्टिक टाकी त्यात उतरू शकते. वर्षातून एकदा तपासून घ्या आणि तान्हं बाळ घरात असेल तर तपासणीचा कागद हातात येईपर्यंत उकळल्याशिवाय देऊ नका.

सांडपाणी बहुतेक घरांचं सेप्टिक टाकीत जातं. टाकी कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, नोंदलेली असावी लागते आणि काही वर्षांनी गाळ उपसावा लागतो. आता आपल्या स्वयंपाकाचं. पहिल्या हिवाळ्यात आमचं सिंक तुंबलं. माणूस आला, पाइप उघडला, आत मेणासारखी पांढरी नळी तयार झालेली. कढईतलं तळणाचं तेल, वर तूप, वरून थंडी. तो म्हणाला, आणखी एक महिना गेला असता तर टाकीच काम करायची थांबली असती. तेव्हापासून कढई आधी कागदानं पुसायची, उरलेलं तेल बरणीत साठवायचं आणि रिसायकलिंग केंद्रावर द्यायचं. भांड्यांतली डाळ-भाताची शितंसुद्धा जाळीत अडवतो.

घर तापवायला इथे रॉकेल वापरतात, परसात हिरवी प्लास्टिकची टाकी असते. तेलवाला साधारण 500 लिटरच्या खाली येत नाही, म्हणून पहिल्या महिन्यात हा खर्च बाजूला काढून ठेवा. टाकीत किती उरलंय ते दर पंधरवड्याला बघा. पूर्ण संपू दिलं तर पाइपात हवा शिरते आणि नुसतं तेल भरून बॉयलर पेटत नाही, मिस्त्री बोलवावा लागतो. बहुतेक घरांत शेकोटी किंवा रेंज, म्हणजे बिडाची मोठी चूल, असते, तिच्यात लाकूड किंवा टर्फ जाळतात. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून उन्हात वाळवलेल्या विटा. रास रचलेली पाहिली की गोवऱ्यांचा उडवा आठवतो. धुराडं वर्षाला साफ करून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते बटण दाबून बघा. बंद खोलीत हा वायू वासाशिवाय माणूस मारतो.

गरम पाण्याचं कपाट, ज्याला हॉट प्रेस म्हणतात, त्यात इमर्शनचा स्विच असतो. त्यावर ‘सिंक’ आणि ‘बाथ’ असे दोन पर्याय. रोज ‘सिंक’वर ठेवा, अंघोळीच्या आधी ‘बाथ’ करा आणि आठवणीनं बंद करा. ओली कणीक, धुतलेले कपडे, इडलीचं पीठ, सगळ्याला उब त्याच कपाटात मिळते. जानेवारीत आमचं पीठ फक्त तिथेच फुगतं.

कचऱ्याला कौन्सिलची गाडी येत नाही. खासगी कंपनीशी करार करावा लागतो. शेजारी कुणाची गाडी घेतात ते विचारून तीच घ्या. काचेच्या बाटल्या गावातल्या बॉटल बँकेत. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन चेपू नका: 1 फेब्रुवारी 2024 पासून अर्धा लिटरपर्यंतच्या बाटलीमागे 15 सेंट आणि त्याहून मोठीला 25 सेंट अनामत असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये परत मिळते. परसात कचरा जाळणं गुन्हा आहे.

शाळा, मैदान, पतसंस्था

गावची प्राथमिक शाळा म्हणजे नॅशनल स्कूल. बहुतेक कॅथलिक चर्चच्या छत्राखाली चालतात, पण प्रवेशासाठी बाप्तिस्म्याची अट 2018 च्या कायद्यानं काढून टाकली. मुख्याध्यापकांना स्वतः भेटा आणि धर्माच्या तासाला मूल काय करेल ते मोकळेपणानं विचारून घ्या. दुसरीत कम्युनियनची, म्हणजे मुलांच्या एका कॅथलिक धार्मिक संस्काराची, तयारी वर्षभर चालते. आमच्या मुलीनं तेव्हा मागच्या बाकावर बसून चित्रं काढली आणि समारंभाच्या दिवशी वर्गाबरोबर गायलीही. दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत असतात, त्याची काळजी करू नका. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकलेल्यांना ते घरचंच वाटेल. प्राथमिकची पुस्तकं 2023 पासून फुकट आहेत.

दुपारी मुलं सापडतात मैदानावर. जीएए ही आयरिश खेळांची संघटना 1884 मध्ये टिपररीतल्या थर्ल्स गावी स्थापन झाली आणि आजही प्रत्येक पॅरिशचा (एका चर्चच्या हद्दीतल्या गावांचा) आपला क्लब असतो. लिमरिकमध्ये हर्लिंगचं, म्हणजे काठी आणि चेंडूच्या आयरिश खेळाचं, वेड आहे. 2018 मध्ये लिमरिकनं 45 वर्षांनी ऑल-आयर्लंड ही देशाची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि नंतर 2020 ते 2023 सलग चार. मुलाचं नाव क्लबात घाला, हेल्मेट विकत घ्या, आणि मैदानाच्या कडेला पावसात उभे राहा. गावाची माणसं मला तिथेच मिळाली. पुढे लहान मुलांच्या सरावाला मदत करायची असेल तर गार्डा व्हेटिंग नावाची पोलीस पडताळणी लागते, क्लबच करून देतो.

पैशांसाठी बँकेची शाखा कदाचित तालुक्याच्या गावीच असेल, पण क्रेडिट युनियन जवळ असते. आपल्या पतसंस्थेचंच रूप: त्या भागातल्या लोकांची, सभासदांच्या मालकीची. थोडे पैसे नियमित टाकत गेलात की गाडीच्या कर्जाला तेच उपयोगी पडतं. सहकाराची मुळं या मातीत खोल आहेत. आमच्या जवळच्या ड्रमकॉलहर गावात 1889 मध्ये देशातली पहिली सहकारी दूध डेअरी सुरू झाली, आता तिथे संग्रहालय आहे. वडील प्रवरेच्या कारखान्याचे सभासद होते. त्यांना तिथे घेऊन गेलो तेव्हा लोणी काढायच्या यंत्रांपुढे ते अर्धा तास उभे होते.

वाचनालयाचं कार्ड फुकट आहे आणि देशभर चालतं. उशिराचा दंडही 2019 पासून नाही. आणि मतदारयादीत नाव घाला. स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, इथे राहणं पुरतं.

वादळ

मेट एरनचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, इशारा पिवळा, नारिंगी किंवा लाल असतो. लाल असेल तर घराबाहेर पडायचं नाही, ड्युटी असली तरी आधी मॅनेजरला फोन. 24 जानेवारी 2025 च्या एओविन वादळात गॉलवेच्या किनाऱ्यावरच्या मेस हेडला ताशी 183 किलोमीटर वेगाचा वाऱ्याचा झोत नोंदला गेला आणि देशातल्या 7 लाख 68 हजार जोडण्यांची वीज गेली. आमची तीन दिवस नव्हती. बोअर असलेल्या घरात वीज गेली की पंप बंद, म्हणजे पाणीही जातं. हे आम्हाला नळ कोरडा झाल्यावर समजलं. इशारा आला की टब आणि पातेली भरून ठेवा, पॉवर बँक चार्ज करा, गॅसची छोटी शेगडी आणि टॉर्च हाताशी ठेवा. वीज गेल्याची तक्रार ईएसबी नेटवर्क्सच्या 1800 372 999 वर करायची, बिलावरचा एमपीआरएन, म्हणजे वीजजोडणीचा, नंबर सोबत ठेवून. पडलेल्या तारेजवळ जाऊ नका. वारा थांबला की शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या माणसाचं दार वाजवा. त्या तीन दिवसांत पलीकडच्या आजोबांकडे रेंज पेटती होती, आमच्याकडे पाणी भरलेला टब होता. खिचडी त्यांच्या रेंजवर शिजली.

गावात कुणी गेलं तर

हे शेवटी लिहितोय, पण तुमच्यावर वेळ लवकर येईल. मृत्यूची बातमी आरआयपी डॉट आयई या संकेतस्थळावर येते, तिथे पार्थिव कुठे ठेवलंय, कधी भेटायचं, प्रार्थना कधी ते सगळं दिलेलं असतं. ‘घर खासगी’ असं लिहिलं असेल तर घरी जाऊ नका, चर्चमध्ये किंवा फ्युनरल होममध्ये (अंत्यदर्शनासाठी पार्थिव ठेवतात ती जागा) जा. फार ओळख नसली तरी जायचं. दुकानदाराची आई, मुलाच्या वर्गशिक्षिकेचे वडील, एवढं नातं पुरतं. तुम्ही हिंदू आहात याची कुणालाही अडचण नसते.

रांग असते. गडद रंगाचे साधे कपडे घाला. घरची मंडळी ओळीनं बसलेली किंवा उभी असतात, प्रत्येकाशी हात मिळवायचा आणि म्हणायचं, ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’. जास्त बोलायची गरज नाही. शवपेटी उघडी असते, तिथे क्षणभर थांबून हात जोडले तरी चालतं. मी जोडतो. घरी गेलात तर चहा आणि सँडविच पुढे येतील. मांस खात नसाल तर तसं सांगा, पण चहाचा कप घ्या आणि खुर्चीवर बसा. शेजारचा माणूस गेलेल्याबद्दल काहीतरी सांगायला लागेल, ते ऐका.